तगड्या डासाचं बियाणं कोणी राखलं?

(पंढरपूर तालुक्यात ऊसतोडीला आलेल्या आपल्या टोळ्यांच्या तळावर रात्री बैठक झाली. तिथं केलेलं हे भाषण. गावी राहिलेल्यांना वाचून दाखवता यावं म्हणून बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



पहाटेपासून फडात कोयता चालवून तुम्ही बसला आहात, हे आम्हाला ठाऊक आहे. उचल, मुकादमाचा हिशोब, गावाकडचे वनहक्काचे दावे, हे सगळं उद्या घेऊ. आज डासांवर बोलायचं आहे. हसू नका. या तळावर आल्यापासून किती कोप्यांत ताप येऊन गेला ते तुम्हीच मोजा. आणि गावाकडं जो ठराव व्हायला निघालाय, तोही डासांवरचाच आहे.

ठराव असा आहे. आपल्या भागातल्या दोन-तीन गावांत लोक म्हणतात, येत्या पावसाळ्यात फवारणीवाल्याला पाड्यात पाऊलच टाकू द्यायचं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. फवारणी झाली की भिंती पांढऱ्या होतात, घराला वास मारतो, धान्य-भांडी बाहेर काढावी लागतात, कोंबडी-पिल्लांना जपावं लागतं. आणि चौथ्या रात्री डास होते तेवढेच! मग कशाला? उलट साहेब लोकांचं म्हणणं असं की तुम्ही आदिवासी फवारल्यावर लगेच घर सारवता, म्हणून औषध चालत नाही, चूक तुमचीच. या दोन्ही बोलण्यांत थोडं खरं आहे, पण मधली मोठी गोष्ट दोघंही सांगत नाहीत. ती आम्ही सांगायचा प्रयत्न करतो.

आधी बघू फवारणीनं डास मरतो कसा. मलेरिया पसरवते ती अ‍ॅनाफिलीस जातीची मादी. ती रात्री चावते, रक्त पिऊन जड होते आणि पचवायला जवळच्या भिंतीवर नाहीतर गोठ्यात बसते. भिंतीवर औषधाचा पातळ थर असला तर तिचे पाय त्याला लागतात आणि ती मरते. सगळी फवारणी या एका सवयीवर उभी आहे. म्हणून डीडीटीचं माप भिंतीच्या एका चौरस मीटरला 1 ग्रॅम, मॅलेथिऑनचं 2 ग्रॅम आणि नव्या डेल्टामेथ्रिनचं फक्त 20 मिलिग्रॅम असं ठरलेलं आहे. डीडीटी आणि डेल्टामेथ्रिन वर्षाला दोन वेळा, मॅलेथिऑन तीन वेळा. तेव्हा सारवलं की थर झाकला जातो हे खरंच आहे. फवारणीनंतर निदान दोन-अडीच महिने आतली भिंत सारवू नये. दिवाळीच्या आधी सारवायचं असतं हे आम्हाला माहीत आहे, पण जमीन सारवा, बाहेरची भिंत सारवा, झोपायच्या खोलीची राहू द्या.

पण सारवण्यानं औषध झाकलं जातं, डास तगडा होत नाही. डास तगडा होतो त्याची रीत वेगळी आहे, आणि ती आपल्या बाया कुठल्याही साहेबापेक्षा चांगली जाणतात. मका निघाला की आपण काय करतो? सगळा खात नाही. भरलेली, कीड न लागलेली, पाऊस कमी पडला तरी टिकलेली कणसं निवडून आढ्याला बांधतो. तेच पुढच्या साली बी. दहा साल असं केलं की शेतात सगळा मका तसाच. डासांचंही हेच झालं. हजार डासांत दोन-चार असे जन्मतात की त्यांच्या अंगात औषध फोडून टाकायची ताकद जास्त असते, नाहीतर औषध ज्या नसेवर जाऊन बसतं ती नसच जरा वेगळी असते. औषध नव्हतं तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. औषध आलं, बाकीचे मेले, हे दोन-चार उरले. त्यांचीच अंडी, त्यांचीच पोरं. डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांची. म्हणजे आपण एक पीक काढतो तेवढ्यात त्याच्या कितीतरी पिढ्या होतात. एकच औषध साल दर साल मारत राहिलं म्हणजे सरकारनं स्वतःच्या हातानं तगड्या डासाचं बियाणं राखलं. डासाला औषधाची 'सवय' होते असं लोक म्हणतात, पण एकाच डासाला सवय होत नाही. मरणारे मरून जातात आणि न मरणाऱ्यांचं कूळ वाढतं.

आता हे पहिल्यांदा कुठं दिसलं ते ऐका. ही गोष्ट आपल्याच लोकांची आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे असा अंदाज होता. 1953 साली देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात डीडीटी घरोघर मारली. ताप इतका झपाट्यानं उतरला की 1958 साली सरकारनं कार्यक्रमाचं नावच बदललं, नियंत्रणाच्या जागी निर्मूलन. म्हणजे मलेरिया मुळासकट संपवायचा. आणि 1959 साली पंचमहाल जिल्ह्यातून बातमी आली की तिथला अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस जातीचा डास डीडीटीला पूर्वीसारखा मरत नाही. पंचमहाल तेव्हा मुंबई राज्यात होता, गुजरात-महाराष्ट्र वेगळे झाले ते 1960 साली. दाहोदही त्याच जिल्ह्यात. तिथं कोण राहतं? आपले भिल भाऊबंद. आपल्या सोयऱ्यांच्या घरातल्या भिंतींवर तो डास सगळ्यांत आधी जिवंत राहिला, आणि त्याची नोंद पुस्तकात झाली. पुढं काय झालं हे त्या घरांना कोणी येऊन सांगितलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

डीडीटीसोबत बीएचसी मारली, तीही चालेना. 1969 साली मॅलेथिऑन आणलं. ते ज्याला घाण वास येतो ते, म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. 1973 सालापर्यंत गुजरातेत त्यालाही न मरणारे डास सापडले. पुढं गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडं तिन्ही औषधांना पुरून उरणारा क्युलिसिफेसीस निघाला. मग पायरेथ्रॉईड जातीची औषधं आली, डेल्टामेथ्रिन त्यातलंच. शेवंतीसारखं एक फूल असतं, त्याच्या रसाची नक्कल करून ही औषधं बनवतात. फुलाचं नाव ऐकून बरं वाटतं, पण ती नसेवर बसतात त्याच जागी जिथं डीडीटी बसते. म्हणून ज्या डासाची ती नस डीडीटीनं आधीच वेगळी निवडून ठेवली, त्याला नवं औषध पहिल्या दिवसापासून थोडं कमीच लागतं. नवं कुलूप आणलं पण किल्ली जुनीच चालते, अशी गत. डेल्टामेथ्रिनला न मरणारे डासही आता देशात ठिकठिकाणी सापडले आहेत.

1965 च्या आसपास देशात मलेरियाचे रोगी वर्षाला सुमारे एक लाखावर आले होते. 1976 साली तेच 64 लाखांच्या वर गेले. डास तगडा झाला हे त्याचं एकमेव कारण नाही. औषध वेळेवर मिळेना, पैसा आटला, मलेरिया संपलाच म्हणून माणसं कमी केली, रक्ताची पाचर काढून ती महिना-महिना तपासलीच नाही. हेही तेवढंच खरं. सगळं पाप डासाच्या माथी मारून कोणाला मोकळं सोडायचं नाही.

आता या पंढरपुराकडं बघा. आम्ही मुद्दाम दिवसा फिरून आलो. उजनीचे कालवे, त्यांच्या कडेला झिरपून साचलेली डबकी, चंद्रभागेच्या वाळूत पाणी ओसरलं की राहिलेले डोह. क्युलिसिफेसीसला असंच स्वच्छ, उन्हातलं पाणी लागतं. तो जास्त करून जनावरांना चावतो आणि गोठ्यात बसतो. आणि आपल्या टायरगाडीवाल्यांचे बैल कुठं बांधलेत? कोपीला लागून. बैल नाही मिळाला की पुढं आपलं पोर झोपलेलंच असतं. त्यात आपल्या कोपीला भिंत कुठं आहे? वर प्लास्टिक, बाजूला पाचट. फवारायला माणूस आला तरी फवारणार कशावर? तसा कोणी येतही नाही. आपलं नाव गावच्या यादीत, आपण इथं. गावात फवारणी होते तेव्हा काही पाडे तिथल्या यादीतही नसतात, कारण वनजमिनीवरचा पाडा म्हणजे 'अतिक्रमण'. दोन्ही ठिकाणी आपण कागदाबाहेर.

इथं आजूबाजूला द्राक्षं आहेत, सांगोल्याकडं डाळिंब आहे. त्या बागांना एका हंगामात किती वेळा फवारा बसतो ते तिथं मजुरीला गेलेल्यांना विचारा. आपल्या खाली शहाद्याकडं कापसाला हेच. शेतात मारतात त्यात पायरेथ्रॉईड जातीची औषधं असतात, म्हणजे घराच्या भिंतीवर मारतात त्यांचीच भावंडं. ते औषध पाटात, डबक्यात उतरतं. त्याच पाण्यात डासाच्या अळ्या. म्हणजे डास मोठा होऊन तुमच्या भिंतीवर बसायच्या आधीच त्याची निवड झालेली असते. दुकानातली कॉइल आणि वडी, त्यातही बहुतेक याच जातीचं औषध. 1989 साली सरकारनं शेतीत डीडीटी वापरायला बंदी केली, फक्त आरोग्यासाठी ठेवली. पायरेथ्रॉईडच्या बाबतीत असा काही आडपडदा नाही, जो तो मारतो. तेव्हा आदिवासी सारवतात म्हणून मलेरिया जात नाही, असं यापुढं कोणी म्हणालं तर त्याला आधी बागा दाखवा. फवारा मारणाराही बहुतेक आपलाच असतो, हे आणखी वेगळं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विष चढून वीस जणांच्या आसपास शेतकरी-मजूर मेले. पाठीवर पंप घेऊन जाणाऱ्या आपल्या पोरांना नाका-तोंडाला फडकंसुद्धा मिळत नाही.

कोणी विचारेल, गावातही मग डास तगडाच असणार? इथं आम्ही घाई करत नाही. डोंगरात आपल्या नाल्या-ओहोळांच्या संथ वाहत्या पाण्यात फ्लुव्हिएटिलिस नावाचा दुसरा डास होतो. तो माणसाला जास्त चावतो. पण डीडीटीसमोर तो बऱ्याच ठिकाणी क्युलिसिफेसीससारखा लवकर तगडा झाला नाही. म्हणजे एका तालुक्यात जे औषध वाया जातं, ते शेजारच्या डोंगरात अजून चालत असेल. हे घरबसल्या कळत नाही, मुंबई-पुण्यात बसूनही नाही. त्यासाठी तपासणी आहे, आणि ती अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलेली रीत अशी: गावातूनच डास धरायचे, वीस-पंचवीस डास एका नळीत सोडायचे, नळीत औषध लावलेला कागद. एक तास ठेवायचे, मग साध्या नळीत काढून चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. शंभरात 98 किंवा जास्त मेले तर औषध चालतं. 90 पेक्षा कमी मेले तर डास तगडा झाला. मधे असले तर परत तपासायचं. जिल्ह्याच्या हिवताप विभागात कीटक समाहारक नावाचं पद असतं, डास गोळा करणं हेच त्याचं काम.

म्हणून त्या ठरावाबद्दल आमचं म्हणणं स्पष्ट सांगतो. फवारणी सरसकट बंद करू नका. ठरावात 'येऊ नका' याच्या जागी 'दाखवा' असं लिहा. कोणतं औषध आणलंय, कधी बनलं, मुदत कधी संपते, पाण्यात किती घालणार. आणि मुख्य म्हणजे आमच्या गावातल्या, नाहीतर निदान आमच्या तालुक्यातल्या डासांवर ते औषध शेवटचं कधी तपासलं आणि शंभरात किती मेले. तपासणीचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवा. चालत असेल तर आम्ही भांडी स्वतः बाहेर काढून देऊ आणि भिंत सारवणार नाही. चालत नसेल तर दुसऱ्या जातीचं औषध आणा, आणि तेही दरवर्षी तेच नको, आलटून पालटून. हे विचारायला कोणाची मेहरबानी लागत नाही. आपली गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्यात समाजक्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचं आणि पंचायतीचं नियंत्रण लिहिलेलं आहे. आरोग्य त्यातच येतं. तरी कोणी कागद दाखवत नसेल तर 2005 चा माहिती अधिकार आहे.

उपकेंद्राचंही बोलून घेतो. आपल्या भागात एका ठिकाणी कित्येक साल सांगत होते, उपकेंद्र मंजूर आहे पण जागा वनखात्याची, म्हणून बांधता येत नाही. बाया ताप आलेलं पोर पाठीला बांधून दोन डोंगर उतरत होत्या. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शिफारस द्यायची आहे आपल्यालाच. तेव्हा 'जागा नाही' हे उत्तर आता कोणी देऊ नये.

आता औषध हरलं म्हणजे मलेरिया जिंकला, असं मनात आणू नका. श्रीलंका आपल्यापेक्षा छोटा देश. डीडीटी मारून 1963 साली तिथं सबंध देशात फक्त 17 रोगी उरले होते. मग ढिलाई झाली आणि 1968-69 च्या साथीत लाखो लोक आजारी पडले. डीडीटीही पुढं तिथं चालेनाशी झाली. तरी 2016 साली तो देश मलेरियामुक्त म्हणून जाहीर झाला. त्यांनी एका पावडरीवर भरवसा ठेवला नाही. तापाच्या प्रत्येक माणसाचं रक्त तपासलं आणि सापडलेल्या प्रत्येक रोग्याचा माग काढला, अगदी घरापर्यंत जाऊन. मध्ये त्यांच्याकडं यादवी युद्धही चालू होतं, तरी.

म्हणून इथं तळावर आजपासून जमेल तेवढं. मच्छरदाणी. सरकारची औषध लावलेली मच्छरदाणी मिळते त्यातही पायरेथ्रॉईडच असतं, तेव्हा तगड्या डासाला तिचं औषध कमी लागेल. पण डास कितीही तगडा झाला तरी त्याला जाळीतून आत यायला अजून जमलेलं नाही! फाटली तर शिवा, कडा गोधडीखाली दाबा, सारखी धुऊ नका, सावलीत वाळवा. आणि मासे धरायला नेऊ नका, आम्ही बघितलंय कोण कोण नेतं ते. बैल कोपीपासून जरा लांब बांधा. चोरीची भीती असते हे कबूल, म्हणून पाळी लावून राखण करा. लिंबाचा पाला धुमसवला तर डास थोडा वेळ दूर जातात, मरत नाहीत. त्याच्यावर भरवसा ठेवून पोराला उघडं झोपवू नका. आषाढी-कार्तिकीला गावात यंत्राचा धूर सोडतात, त्यानंही उडते डास तेवढे मरतात आणि उद्या नवे येतात.

ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. बोटाला टोचून पंधरा-वीस मिनिटांत कळतं अशी पट्टी आशाताईकडं, आरोग्य केंद्रात असते. मुकादम दुकानातली गोळी आणून देतो, ताप उतरतो, माणूस परत फडात. तसं करू नका, कारण अर्धी गोळी खाल्ली की आता डासांच्या जागी मलेरियाचे जंतू तगडे होतात, रीत तीच बियाण्याची. क्लोरोक्विनचं असंच झालं, 1973 साली आसामात पहिल्यांदा दिसलं. व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला तर प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावी लागते, ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी. ती गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, हे आधी सांगा. आणि गोळी चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडं जा. काहींच्या रक्ताला ही गोळी सोसत नाही. सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही सोबत दाखवा.

कारखान्याकडं आणि मुकादमाकडं दर कोपीला दोन मच्छरदाण्या, आणि आठवड्यातून एकदा तळावर आरोग्य सेवक, अशी मागणी आम्ही लिहून आणली आहे. उद्या संध्याकाळी वजनकाट्यावरून गाड्या परतल्या की प्रत्येक टोळीतून दोघं, त्यात एक बाई, सोबत चला. ज्यांच्या गावात तो ठराव होणार आहे त्यांनी ग्रामसभेच्या पत्राचा नमुना आमच्याकडून न्यावा. प्रती दहाच आहेत, एका गावाला एकच घ्या आणि गावी पोचल्यावर हातानं उतरवून पुढच्या पाड्याला द्या.